क्लिक थांब्याचं की नकाशाचं

मिलिंद,

तुझ्या जलदान विधीत माझ्या हातात माईक आला होता. मी तो तसाच शेजारच्या बाईकडे सरकवला. लोकांना वाटलं, सोडलेली का होईना, बायकोच ती, कंठ दाटला असेल बिचारीचा. कंठबिंठ काही दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर तुझ्या आईसमोर, भंतेजींसमोर, पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या अख्ख्या वस्तीसमोर तुझा उद्धार केला असता. म्हणून गप्प बसले. इथं आता कोणी नाही. आता ऐकून घे.

आणि मी 'तू'च म्हणणार आहे. संसार होता तोवर 'अहो' म्हटलं. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना 'तू चहा घेणार का?' असं पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तू दचकलास, आणि मग हसलास. समोरच्या टपरीवर दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. लग्नातल्या कितीतरी चहांपेक्षा बरा होता तो.

तर विधीत माझ्याआधी सुरेखा बोलली. ती तुमच्या यवतचीच, शिक्रापूरच्या कंपनीत पॅकिंगला जाते. मी तिला तोवर ओळखतही नव्हते. पदर तोंडाला लावून म्हणाली, "सर आमचे भाऊ हुते. पहाटं बस आमाला टाकून गेली की सर गाडी घिऊन हजर. एक दिस खाडा पडू दिला न्हाई आमचा. पेट्रोलचं नावबी काढलं न्हाई कवा." मागं बसलेल्या चार-पाच जणी मुसमुसायला लागल्या. तुझ्या फोटोला हार घालायला रांग लागली. आणि मी तिथं सतरंजीवर बसल्याबसल्या थंड पडले. त्या बायांना बस का टाकून जात होती, ते त्या मंडपात एकट्या मला माहीत होतं. तू मात्र रोज त्यांना गाडीतून सोडतोयस, हे त्या मंडपात एकट्या मलाच माहीत नव्हतं.

तुला सगळं पाठ आहे, तरी पहिल्यापासून सांगते. माझं बोलणं शेवटपर्यंत तू कधी ऐकलंच नाहीस, निदान आता मध्ये बोलता येणार नाही तुला.

शिक्रापुरात हार्डवेअरच्या दुकानावरची आपली ती खोली. खाली हायवेवर ट्रकांची रीघ, वर आपण दोघं नकाशे बनवत बसलेलो. लग्नाच्या आधी सुरू केलेलं ते काम लग्न मोडल्यावरही चालू राहिलं, कारण कामं अर्धवट होती. एकेक उरकत शेवटी एकच राहिलं, कामगारांच्या बस चालवणाऱ्या ठेकेदाराचा नकाशा. यवतकडून भीमा ओलांडून शिक्रापूरच्या कंपन्यांकडे येणाऱ्या बस, त्यांचे थांबे, आणि कुठल्या थांब्यावर कोण चढणार त्यांची नावं. ठेकेदाराच्या ऑफिसातल्या मंगलताई माउसनं थांबे ठेवायच्या, हलवायच्या, संध्याकाळी यादी ड्रायव्हरच्या मोबाइलवर जायची. हे काम त्यांच्या हातात दिलं की आपल्या खोलीला कुलूप, असं वकिलासमोर ठरलं होतं. मी माहेरी कवठ्याला राहायला गेले आणि आठवड्यातून दोनदा एसटीनं शिक्रापूरला येऊ लागले. येऊन काय करायचो आपण? भांडायचो.

भांडण एवढंच होतं: बटण दाबलं ते कुणाचं?

नकाशावर माउसचं बटण दाबलं की ते दोघांना ऐकू जातं. आधी वर बसलेल्या थांब्याला, मग त्याच्याखाली पसरलेल्या नकाशाला. थांब्यानं ऐकलं की त्यानं आपली माहितीची चौकट उघडायची. नकाशानं ऐकलं की त्यानं त्या जागी नवा थांबा ठेवायचा. तू दोघांचेही कान उघडे ठेवले होतेस. म्हणजे मंगलताईंनी यवतच्या जुन्या थांब्यावर क्लिक केलं की चौकट तर उघडायचीच, शिवाय चौकटीच्या आड त्याच जागी एक कोरा थांबाही येऊन बसायचा. त्यात मंगलताई डबल क्लिकवाल्या. कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमनी त्यांना शिकवलं होतं, काहीही उघडायचं तर टकटक दोनदा. तेव्हापासून त्या सगळ्यालाच दोनदा दाबतात, आपल्या खोलीच्या बेललासुद्धा. मग एकाऐवजी दोन कोरे थांबे बसायचे, आणि वर नकाशा मोठा होऊन अंगावर यायचा.

एका जागी दोन-तीन थांबे आले की यादी करताना सगळ्यात नवा राहायचा, जुने गळायचे. नवा म्हणजे कोरा, त्यावर कुणाचं नाव नाही. ड्रायव्हरच्या मोबाइलवर यवतला घ्यायला कोणी नाही असं दिसायचं. मग तो सर्व्हिस रोडला कशाला उतरतोय, वरच्या रस्त्यानं सरळ निघून जायचा. खाली बाया डबे घेऊन उभ्याच. गेटवर उशीर झाला की खाडा, आणि ठेक्यावरच्या बाईचे खाडे वाढले की एक दिवस मुकादम सांगतो, उद्यापासून येऊ नको.

मी म्हटलं, थांब्यावरचं क्लिक थांब्यापाशीच अडव, नकाशापर्यंत जाऊच देऊ नको. आणि मोकळ्या जागेवर क्लिक झालं तर नकाशानं पापणी लवायच्या आत धावू नये, जरा थांबून बघावं, दुसरी टकटक येतेय का. आली तर तो डबल क्लिक, नकाशा मोठा कर, थांबा ठेवू नको. दहा-बारा ओळींचं काम होतं. मी ते लिहूनही ठेवलं.

तू म्हणालास, "सगळंच अडवलं तर नकाशाला कळणार कसं? दुसऱ्या थांब्याची उघडी चौकट मग बंद कोण करणार, तुझा बाप?" मी म्हटलं, बापाला मध्ये आणू नको. तू म्हणालास, "आन् ते थांबून बघणं! माणूस बटण दाबतो आन् तू त्याला दारात ताटकळत ठेवतीस." मी म्हटलं, पाव सेकंदानं कोणी मरत नाही. बघ, काय बोलून गेले होते मी.

त्या भांडणाची एक दुपार मला हसू आल्याशिवाय आठवत नाही, आणि त्याचाही राग येतो. मंगलताई खोलीवर आल्या होत्या. त्यांना समजावायला तू खुर्चीवर उभा राहिलास, "मी थांबा." मला खाली फरशीवर बसवलंस, "ही नकाशा. आता मंगलताई, तुम्ही म्हणा, क्लिक!" त्या लाजत म्हणाल्या, "क्लिक, क्लिक." तू वरून ओरडलास, "ऐकलं!" आणि दोन्ही हात पसरून चौकट उघडलीस. मी खालून म्हटलं, "मी पण ऐकलं, घ्या कोरा थांबा," आणि पाण्याचा जग तुझ्या पायाशी ठेवला. "अजून एकदा ऐकलं, घ्या दुसरा," म्हणून चपलांचा जोड ठेवला. मंगलताई हसून हसून भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "सर, ताईंचं बराबर हाय की. तुम्ही कशापायी अडून बसलायसा?" तू खुर्चीवरून उतरलास तो थेट चहा सांगायला गेलास. उत्तर दिलं नाहीस.

उत्तर न देणं हाच तर तुझा खाक्या. घरात दुसरं काय होतं? तुझी आई, माझ्या सासूबाई, आत्या म्हणायच्या, रविवारी पत्रे टाकायचेत, घरी थांब. मी म्हणायचे, रविवारी कवठ्याला जाऊन दादांना डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय. तू दोघींनाही "व्हय" म्हणायचास. रविवारी पत्रे दारात पडून, तिकडं माझा बाप टोपी घालून ओट्यावर बसून, आणि तू शिक्रापूरला खोलीत नकाशाचे रंग बदलत. कुणाला नाही म्हणायला तुझी जीभ रेटत नव्हती. लोक याला चांगुलपणा म्हणतात. विधीत सगळ्यांनी तेच म्हटलं. मी त्या चांगुलपणाबरोबर संसार केलाय, मला कुणी सांगायला नको.

घटस्फोटानंतर मी एक नियम घातला होता. दोघांपैकी एकानं केलेला बदल दुसऱ्यानं त्याच्या कॉम्प्युटरवरून 'हो' केल्याशिवाय चालू नकाशात चढायचा नाही. तू आधी न सांगता काहीही चढवायचास म्हणून. तू लगेच "व्हय" म्हणालास, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. माझ्या त्या दहा-बारा ओळींवर तू 'हो' केलंच नाहीस. 'नाही' पण केलं नाहीस. तशाच लोंबकळत ठेवल्यास. मी विचारलं की, "बघतो." पुढच्या खेपेला पुन्हा, "बघतो." मग एकदा म्हणालास, "आता तक्रार येत न्हाई ठेकेदाराची. घाई न्हाई काही." मी विश्वास ठेवला. वाटलं, मंगलताईंची सवय सुटली असेल.

तक्रार कशी येईल? तू त्या बायांना घरच्या व्हॅनमध्ये भरून नदीपलीकडे नेत होतास! डॉक्टरनं तुला काय सांगितलं होतं? पहाटेची दगदग बंद, जिने कमी, गाडी चालवणं कमी. मला हे आत्यांनी तू गेल्यावर सांगितलं, आणि त्यांनाही ती चिठ्ठी औषधांच्या पिशवीत सापडली म्हणून कळलं. त्यांना तू ॲसिडिटी सांगितली होतीस. मला तेही सांगितलं नाहीस. पहाटे उठून बाया गेटवर सोडल्यास, व्हॅन ठेकेदाराच्या ऑफिससमोर लावलीस आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून गेलास. मंगलताई काच वाजवत राहिल्या. दहा-बारा ओळी, मिलिंद. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

मी हे ओरडून सांगितलं असतं माईकवर, तर सुरेखाचं रडणं तिथंच थांबलं असतं. तिच्या भावानंच तिची बस चुकवली होती आणि त्यानंच तिला गाडीत बसवलं होतं. पण आत्यांनी माझा हात धरून ठेवला होता. संसारात ज्या बाईनं मला चहाचा कप हातात दिला नाही, ती म्हणाली, "दोन दिस ऱ्हा. घर खायला उठतंया मला." मी राहिले.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दाराची कडी वाजली. बाहेर सुरेखा, मागं बाकीच्या, हातात डबे. विधीत रडलेल्याच सगळ्या. आता कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, घाई होती. "वैनी, बस वरनंच गेली. आमाला कळतंया, ही येळ न्हाई यायची. पन काय करावं?" आत्यांनी खुंटीवरची व्हॅनची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी तुझ्या सीटवर बसले. सीट एवढी मागं होती की माझे पाय पोचत नव्हते, ती पुढं ओढली. गाडीत तुझ्या केसांच्या तेलाचा वास होता. सगळ्या रस्त्यात मी तुला शिव्या देत होते, मनातल्या मनात, मागं बाया होत्या म्हणून.

त्यांना गेटवर सोडून मी खोलीवर गेले. तुझा कॉम्प्युटर चालूच होता. बंद करायची अक्कल तुला कधीच नव्हती. पडद्यावर माझ्या ओळी आणि त्यांच्याशेजारी 'हो'चं बटण. तुझ्या नावानं दाबायचं, एवढंच राहिलं होतं. तुझं नाव वर कोपऱ्यात हिरवं दिसत होतं, म्हणजे त्या यंत्राच्या मते तू हजर होतास. मी खुर्चीवर बसले. बसून राहिले. मग उठून पुन्हा यवतला आले आणि आत्यांना भाकरी करून घातली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहाटे कडी वाजायची, मी किल्ली घ्यायची, बाया सोडायच्या, खोलीवर जाऊन तुझ्या खुर्चीत बसायचं आणि बटण न दाबता परत यायचं. बस नकाशातल्या चुकीमुळं चुकते, एवढं मी बायांना सांगितलं होतं. सुरेखा विचारायची, "वैनी, तो नकाशा कवा दुरुस्त व्हनार?" मी म्हणायचे, "बघते." तो शब्द तोंडातून गेला की मलाच ऐकू यायचा.

मग मंगलताई भेटल्या. ठेकेदाराच्या ऑफिसच्या पायरीवर मला धरून बसवलं. बाई साधी, पण ज्या गोष्टी लोक दडवतात त्या तिला पोटात ठेवता येत नाहीत. म्हणाली, "ताई, एक सांगू का? रागवू नका. मी सरांना इचारलं हुतं, ताईंच्या ओळी का चढवत न्हाई तुम्ही म्हून. सर म्हनले, मंगलताई, ते चढवलं की काम संपलं. काम संपलं की खोलीला कुलूप. मग ती कवठ्याहून कशाला येईल?"

मी म्हटलं, "असं म्हणाला?"

"व्हय. आन् म्हनले, भांडायला का हुईना, येती तर खरी."

तुला वाटत असेल, हे ऐकून मी विरघळले. मिलिंद, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पायरीवरून उठले आणि हायवेच्या कडेला जाऊन उभी राहिले, ट्रकांच्या आवाजात मोठ्यानं बोलता येतं म्हणून. काय काय बोलले तुला! अरे, मला यायला लावायचं होतं तर सांगायचं होतंस, ये म्हणून. फोन करायचा होतास. 'ये' हे एवढं अवघड असतं का? त्याऐवजी चार-पाच गरीब बायांची बस तू रोज चुकवलीस. त्यांची भाकरी पणाला लावलीस, आणि वर त्यांचा भाऊ झालास. हे प्रेम नाही. हे माझ्या नावावर दुसऱ्यांच्या जिवाशी खेळणं आहे. माझी आठवण येत होती तर ती तुझ्या छातीत ठेवायची, यवतच्या थांब्यावर नाही.

आणि मी आले असते रे. विचारलं असतंस तर आले असते. हेही ऐक, एकदाच सांगते. मला त्या ओळींची एवढी घाई नव्हतीच. मीही आठवड्यातून दोनदा एसटीत बसायला कारण शोधतच होते. कवठ्याला घरी सगळे म्हणायचे, एवढं काय काम राहिलंय शिक्रापूरला? मी म्हणायचे, तो ऐकत नाही माझं, नकाशा अडकलाय.

तू मला शिकवलंस, हे मी नाकारत नाही. खोलीला पंखाही नव्हता, तेव्हा भीमजयंतीच्या मिरवणुकीचा नकाशा आपण गंमत म्हणून बनवला होता, कुठल्या चौकात कुठलं ढोलपथक थांबणार असा. त्यावर तू मला दाखवलंस, माउस दाबणं वेगळं, सोडणं वेगळं, दाबून ओढणं वेगळं. माणूस एकच बोट हलवतो, पण त्याच्या मनात काय आहे ते आपण ओळखायचं असतं, असं म्हणाला होतास. कॉलेजात कुणी मला असं समजावलं नव्हतं. तिथं मला प्रश्न विचारायची भीती वाटायची. तुझ्यासमोर कधी वाटली नाही. त्या एका गोष्टीसाठी मी तुझी आहे, आणि तेवढ्यानं तुला माफी मिळत नाही.

काल सुरेखानं विषय संपवला. व्हॅनमध्ये बाकीच्या मागं बसल्या होत्या, ती पुढं माझ्याशेजारी होती. नदीच्या पुलावर ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक, हलेनात. ती सारखी मोबाइलमध्ये वेळ बघत होती. शिफ्ट सुरू झाली. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा मुकादमानं सगळ्यांना आत घेतलं, सुरेखाला नाही. तिचे आधीच खाडे होते, पोराच्या आजारपणातले. तो म्हणाला, आजचा खाडा धरला, आणखी एक पडला तर कार्ड जमा कर. ती परत येऊन व्हॅनमध्ये बसली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"वैनी, एक इचारू?" म्हणाली. "मंगलताईंनी समदं सांगितलं मला. सरांनी आमाला गाडीतनं सोडलं, तुम्हीबी सोडताय. उपकार हायेत. पन आमी कवा म्हनलं का, गाडीतनं सोडा? आमचं म्हननं येवडंच हुतं, बस थांबू द्या. तुमचं नवरा-बायकोचं काय आसंल ते आसंल. त्यात आमच्या बसचा काय संबंद?"

मी गाडी सुरू केली. तिला यवतला आणून सोडलं. ती उतरताना म्हणाली, "उद्या मी बसनंच जानार. न्हाई थांबली तर घरी बसंन, पन ह्या गाडीत न्हाई." दार हळूच लावून घेतलं तिनं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

मी गाडी तशीच वळवली आणि शिक्रापूरला खोलीवर आले. तुझ्या खुर्चीत बसले. माझ्या ओळी पुन्हा वाचल्या आणि एक चूक दिसली. तू म्हणत होतास ती. थांब्यावरचं क्लिक मी तिथंच अडवलं होतं, आणि करून बघितलं तर खरंच दुसरीकडची उघडी चौकट तशीच उघडी राहत होती. मंगलताईंनी दोन थांबे पाहिले असते तर दोन चौकटी एकमेकींवर पडल्या असत्या आणि त्यांनी भलत्याच थांब्याची नावं पुसली असती. तू हे बरोबर ओळखलं होतंस. तोंडावर मी हे कधी कबूल केलं नसतं, आणि आता तू नसताना करतेय, म्हणजे तुला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी माझं अडवणं काढून टाकलं. क्लिक खाली नकाशापर्यंत जाऊ दिलं. फक्त नकाशाला विचारायला लावलं, हे आधी कुणाला लागलं होतं? थांब्याला लागलं असेल तर उघड्या चौकटी बंद कर, नवा थांबा ठेवू नको. ऐक, पण मध्ये पडू नको. टकटकीची वाट बघणं मात्र माझंच ठेवलं. तिथं तू चुकलास, शेवटपर्यंत चुकलास.

मग मंगलताईंना बोलावून घेतलं. यवतचा थांबा दाखवून म्हटलं, दाबा. त्यांनी दाबलं, अर्थातच दोनदा. एक चौकट उघडली. कोरा थांबा बसला नाही. नकाशा जागचा हलला नाही. मोकळ्या जागेवर दाबायला लावलं, दोनदा दाबलं, नकाशा मोठा झाला, थांबा नाही. एकदा दाबलं, एकच थांबा. त्या म्हणाल्या, "ताई, झालं की! येवडंच हुतं व्हय?"

"एवढंच होतं," मी म्हटलं.

आधीचे सगळे कोरे थांबे आम्ही दोघींनी एकेक करून काढले. त्या घरी गेल्या. मग मी तुझ्या माउसवर हात ठेवला. तुझ्या टेबलावर तो जरा अडकायचा, वर उचलून पुन्हा टेकवावा लागायचा, तू कधी नवा घेतला नाहीस. तुझ्या नावासमोरचं 'हो' मी दाबलं. तू मला कधीच दिलं नाहीस ते मी तुझ्याकडून काढून घेतलं. यंत्रानं लिहिलं, मिलिंदने मान्यता दिली. ते वाचून मात्र मी रडले. टेबलावर डोकं ठेवून, तोंडात ओढणी धरून, खाली हार्डवेअरवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. कसला तू माणूस होतास! कशाला गेलास तसं, एकटा, गाडीत? मला एक फोन केला असतास तर मी आले असते आणि आधी कानाखाली वाजवली असती आणि मग दवाखान्यात नेलं असतं.

आज पहाटे कडी वाजली नाही. मी तरी उठले. आत्या म्हणाल्या, "किल्ली?" मी म्हटलं, "नको, चालत जाते." सर्व्हिस रोडला गेले. बाया उभ्या होत्या, सुरेखा सगळ्यांत पुढं. माझ्याकडं तिनं एकदा बघितलं. वरच्या रस्त्यावर बसचे दिवे दिसले. सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं, जाणार, ही वरूनच जाणार. आणि तिनं इंडिकेटर दिला, खाली उतरली, आमच्यासमोर येऊन उभी राहिली. दार उघडलं. ड्रायव्हर मोबाइलवरची नावं वाचत होता, बाया ओ देत एकेक वर चढत होत्या. सुरेखा शेवटी चढली. पायरीवरून मागं वळून म्हणाली, "वैनी, जयभीम."

"जयभीम," मी म्हटलं.

ड्रायव्हरनं वाकून माझ्याकडं पाहिलं. "ताई, चला की. कुठं जायचंय?"

मला कुठंही जायचं नव्हतं.